आमच्या दुकानात 'या' म्हणत नाहीत

नाना,

तुमच्या दुकानाचं आता मोबाईलमध्ये पान आहे. पान म्हणजे काय ते तुम्हाला समजावत बसले तर दिवस मावळेल, तेव्हा एवढंच धरून चाला की दुकानाची पाटी आता लोकांच्या हातात असते आणि ते ती जेवताना, बसमध्ये, संडासातसुद्धा बघतात. आपण विकतो काय, तर तिरडीचे बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, कोरं कापड, गुलाल. ते सगळं आता फोटोसकट तिथे आहे. मडक्याचा फोटो तर फारच छान आलाय. तुमची नात म्हणाली, उजेड हवा, म्हणून मडकं दारात उन्हात ठेवून काढला. तेवढ्यात शेजारचा फुलवाला ओरडला, "अहो ताई, बोहनी नाय झाली अजून, ते मडकं आत घ्या ना!"

तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. भाऊ पुण्याच्या नोकरीत रमला. मी नवरा वारल्यावर पोरीला घेऊन पंचवटीत परत आले आणि तुमच्या गल्ल्यावर बसले. मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात बाई, म्हणून नातेवाईक कुजबुजले. गिऱ्हाईक मात्र कधी बिचकलं नाही. त्या घडीला समोर बाई बसलीय का बाप्या, हे बघायला कुणाचे डोळे ठिकाणावर असतात? दुकान चाललं, पोर शिकली. अलीकडे मात्र उतरती कळा लागली. गाडी, गुरुजी, फुलं, सामान असं सगळं एका फोनवर दारात आणून देणारे लोक आलेत. आणि तिकडे पाथर्डी फाट्याकडच्या उंच इमारतींत कुणी गेलं तर खालच्या मजल्यावर पत्ता नसतो, मग "सामान कुठे मिळतं हो" हे विचारायचं कुणाला? लोक मोबाईलला विचारतात. मोबाईलला आपण ठाऊक नव्हतो. मी मनाशी ठरवलं होतं, दसऱ्यापर्यंत बघायचं, नाहीतर गाळा सोडून द्यायचा. गाळा सुटला की माझ्यापाशी दुसरं काही नाही, नाना. साठीला टेकलेल्या बाईला कामावर कोण ठेवतंय, आणि त्यातून हिने आजवर काय केलं म्हणून विचारलं तर सांगायचं काय?

तुमची नात कॉलेज रोडवरच्या एका कंपनीत लोकांच्या दुकानांची जाहिरात करते. साड्यांचं दुकान, पार्लर, मिसळीचं हॉटेल, सगळ्यांची पानं तीच सांभाळते. ती म्हणाली, "आई, बोलणाऱ्याची माती विकली जाते. तू बोलतच नाहीस." मला हसू आलं, कारण मला तुम्ही आठवलात. तुमच्याइतका न बोलणारा दुकानदार साऱ्या नाशकात नसेल. पाटी लावलीत तीसुद्धा रस्त्याकडे तोंड करून नाही, बोळाकडे तोंड करून, उगाच येता-जाता कुणाच्या नजरेला पडायला नको. लग्नाला गेलात तर मागच्या रांगेत बसायचं आणि अक्षता पडल्या की निघायचं. मावशी दवाखान्यात होती तेव्हा आईला आत पाठवलंत आणि स्वतः बाहेर रिक्षात बसून राहिलात. मी लहान, तुमच्या शेजारी बसलेली. मी विचारते आहे, "नाना, आपण नाही जायचं?" आणि तुम्ही म्हणता, "मला बघून तिला वाटायचं, आला माप घ्यायला." तुम्ही हसत नव्हता. मावशीवर तुमचा किती जीव होता ते मला ठाऊक आहे, आणि तिला तुम्ही पाहिलंत ते थेट ती गेल्यावर, आपलंच सामान घेऊन.

मी आधी ब्लॉग लिहायला लागले. म्हणजे मोबाईलवरचे लेख, कुणीही वाचावेत असे. घरात माणूस गेलं तर आधी काय करायचं, डॉक्टरचा दाखला का लागतो, सवाष्ण असेल तर काय जास्तीचं लागतं, मुलगा परदेशात असेल तर कुणी कुणासाठी थांबायचं, असं सगळं साध्या मराठीत. पहिल्याच लेखात मी लिहिलं होतं, "आधी रडून घ्या. सामान कुठे पळून जात नाही." लोकांनी वाचलं. एका बाईचा फोन आला, नवऱ्याचं सगळं तिने एकटीने केलं होतं, हातात माझा लेख धरून. त्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाचणारे वाचून जात, दुकानात येणारे वाढेनात. मग पोरीने पैसे भरून जाहिरात लावली. नकाशावर गोल काढायचा असतो, त्या गोलातल्या लोकांच्या मोबाईलवर आपली जाहिरात जाते. तिने गोल काढला तो मुंबई नाक्याच्या बाजूला, जिथे मोठे दवाखाने आहेत तिथे. मी म्हटलं, "अगं, तिथे तर माणसं जिवंत आहेत." ती म्हणाली, "आई, गरज तिथेच पडते ना." तुम्ही रिक्षातून उतरला नाहीत आणि आपली जाहिरात थेट खाटेपाशी जाऊन उभी राहिली. फोन यायला लागले हेही खरं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मी शाळकरी असतानाची गोष्ट तुमच्या लक्षात असेल. मी शाळेतून दुकानात आले होते, एक गृहस्थ सामान घेऊन निघाले होते, आणि आईने शिकवलेल्या सवयीने मी म्हणाले, "काका, पुन्हा या हं." तुम्ही कधी हात उगारला नव्हता माझ्यावर. त्या दिवशी कानाखाली वाजवलीत, त्या माणसाच्या देखत, आणि त्याची हात जोडून माफी मागितलीत. घरी आईने भाकरी थापता थापता मला समजावलं, "बाई गं, आपल्या दुकानात 'या' म्हणत नाहीत. गिऱ्हाईकही 'येतो' म्हणत नाही. घेतो आणि गुमान जातो." ती मुस्काटात बसली ती बसली, मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला 'या' म्हणाले नाही. नुसती मान हलवते, तुमच्यासारखी.

पण मोबाईलला कुणी मुस्काटात मारलेली नव्हती. पोरीने दुकानाच्या व्हॉट्सॲपला अशी सोय केली होती की कुणी चौकशी करून पत्ता मागितला की त्याला आपोआप निरोप जावा. कामाच्या घाईत तिने मिसळीच्या हॉटेलसाठी लिहिलेला निरोप उचलला, नाव बदललं आणि टाकून दिला. "भेटीबद्दल मनःपूर्वक आभार. सहकुटुंब पुन्हा अवश्य या!" शेवटी हात जोडलेलं चित्र आणि गुलाबाचं फूल. कितीजणांना गेला देव जाणे. कुणी वाचला नसेल, कुणी वाचून गिळला असेल. निफाडकडचा एक माणूस, इथे सातपूरला कंपनीत कामाला, त्याची आई वारली म्हणून येऊन गेला होता. म्हातारी पिकलं पान होती, रडारड फारशी नव्हती. महिनाही झाला नसेल, तो पुन्हा दारात. मी उठून उभी राहिले. त्याने मोबाईल माझ्यासमोर गल्ल्यावर ठेवला, तो निरोप उघडलेला, आणि फार हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हीच बोलावलं व्हतं ना? मंग आलो. थोरला भाऊ गेला. दोन लेकरं हायेत त्याची, लय बारीक हायेत." मी निरोप वाचला. सहकुटुंब हा शब्द वाचला. मी म्हणाले, "दादा, मशिनीने पाठवलंय ते, आम्ही नाही." तो म्हणाला, "नाव तर तुमचं हाय." मी सामान बांधून दिलं, पैसे नको म्हटलं, तर त्याने ते फळीवर ठेवले आणि गेला. पोरीला मी संध्याकाळी सांगितलं. ती आधी पांढरीफटक पडली, मग घळाघळा रडली, आणि निरोप काढून टाकला. तिला मी बोलले नाही. तिला मुस्काटात देणारं कुणी भेटलं नव्हतं, त्यात तिचा काय दोष?

मग त्याने ते सगळं मोबाईलवर टाकलं. आमचा निरोप, दुकानाच्या पाटीचा फोटो, फोन नंबरासकट, आणि खाली लिहिलं की हे लोक मरणाला आवतण देतात, यांच्याकडे जाऊ नका. नाशिकभर फिरलं ते. सिडकोत, देवळालीत, थेट येवल्यापर्यंत. लोकांनी शिव्या घातल्या, दात काढले, आमच्या नावाने चुटके केले. एकाने लिहिलं, "दोनावर एक फुकट आहे का?" मी तीन दिवस शटर अर्धं ओढून बसले, तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. पण त्याच्याच खाली कुणी कुणी लिहू लागलं की बाई बरी आहे, सामान चोख देते, अडवून पैसे घेत नाही. ती ब्लॉगवाली हीच का, असंही कुणी विचारलं. आणि फोन सुरू झाले. नाना, इतके फोन की एक बाई मदतीला ठेवावी लागली. बांबू पुरेनात. पोर दबक्या आवाजात म्हणाली, "आई, पैसे भरूनसुद्धा एवढ्या लोकांपर्यंत आपण पोहोचलो नसतो." मी तिला गप्प बस म्हटलं. गाळा सोडायचं मी त्यानंतर मनातही आणलं नाही.

भावाच्या दहाव्याला तो रामकुंडावर आला होता. डोकं भादरलेलं, कपडे ओले, तसाच दुकानाशी आला. मला वाटलं, आता मारतो. तर म्हणाला, "ताई, डोकं फिरलं व्हतं माझं. तुमच्या शब्दानं कोणी मरत असतं का? ते काढून टाकतो, तुमच्या पोटावर पाय नको." आणि त्याने माझ्यासमोर मोबाईल काढला. माझ्या तोंडून पटकन गेलं, "राहू द्या हो दादा, असू दे." त्याला वाटलं, बाईचं मन किती मोठं. त्याचे डोळे भरले, त्याने मला वाकून नमस्कार केला आणि ते पुसून टाकलं. तो ज्याच्यासाठी रडत होता तो चितेवर जाऊन दहा दिवस झाले होते, आणि मी हिशेब करत होते की ते अजून आठवडाभर राहिलं असतं तर. असं मला खरोखर वाटलं, नाना. आत कुठेतरी चिडलेसुद्धा मी त्याच्यावर, एवढी काय घाई होती म्हणून.

आता दुकान चालतंय. दसरा येऊन गेला. तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. हे मी ब्लॉगच्याच कोऱ्या पानावर लिहिते आहे, हल्ली कागदावर हात चालत नाही. खाली बटण आहे, दाबलं की हे सगळ्या गावाला दिसेल. मी दाबणार नाही. इथेच पडून राहील. पोरीने शिकवलंय, आधी मथळा शोधायचा, असा की वाचणाऱ्याचा सरकता अंगठा जागच्या जागी थांबला पाहिजे, बाकीचं मग सुचतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा बसल्या बसल्या मला एक चांगला मथळा सुचला, तोच वर टाकलाय. तुम्ही त्यानंतर आठवलात, नाना.