डावीकडची जागा

३ फेब्रुवारी

झेंडे! आज पुन्हा झेंड्यांवरून डोकं उठलं.

संचालकांचं एकच पालुपद – "प्रत्येक तोफेपुढे एक झेंडा हवा. लोकांना एका नजरेत कळलं पाहिजे, कुठली तोफ कुठल्या देशाची." संग्रहालय त्यांचं, दालन त्यांचं. मी निवृत्त माणूस, सल्लागार म्हणून बोलावलेला. पण सल्ला दिला की तोंड वाकडं करतात. म्हटलं, साहेब, चार तोफा आहेत आणि एकही धड एका देशाची नाही. पहिली ब्रिटिश, ती निम्म्या जगाने वापरली. दुसरी अमेरिकन, ती ज्यांच्यावर डागली त्यांनीच पुढे पकडून वापरली. तिसरी स्वीडनची, ती तिथून दूरदूरच्या सैन्यांना विकली गेली. आणि चौथी रशियन – म्हणजे रशियात जन्मली. चीनने बनवली, इजिप्तने बनवली, युगोस्लाव्हियाने बनवली, आणि तो देश तर आता नकाशावरही नाही. त्याचा झेंडा कुठून आणू?

"मूळ जिथली, तिथला लावा." असं म्हणून फोन उचलला. विषय संपला त्यांच्यापुरता.

चौथी माझी. म्हणजे हीच नव्हे, हिची बहीण. उमेदीची सगळी वर्षं त्या जातीच्या तोफेवर काढली. नेम धरणारा डावीकडे, दुर्बिणीपाशी. नळी त्याच्या उजव्या कानाला खेटून. तो कान मी तिथेच ठेवून आलो. यंत्र लावूनही उपयोग नाही, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून जो भेटेल त्याला डावीकडे घेतो.

आपल्या सैन्यात ही तोफ होती. सीमेपलीकडच्यांच्या सैन्यातही हीच होती. विकणाऱ्याने दोघांनाही हसून विकली. हे कुठल्या झेंड्यावर लिहायचं?

६ फेब्रुवारी

आज माहितीफलक. नेमाची दिशा मोजायला रशियन दुर्बिणीवर वर्तुळाचे सहा हजार भाग. अमेरिकन दुर्बिणीवर सहा हजार चारशे. स्वीडनवाले सहा हजार तीनशे म्हणतात. गोल तोच! वर्तुळसुद्धा या लोकांना एकसारखं वाटून घेता येत नाही.

ब्रिटिश तोफेला नाव गोळ्याच्या वजनाचं, अमेरिकन तोफेला नळीच्या व्यासाचं. संचालक म्हणाले, "सगळं एकाच मापात आणा, लोक गोंधळतात." गोंधळू देत. आम्ही गोंधळलो नव्हतो का?

९ फेब्रुवारी

ठकीने जेवताना सांगितलं. लग्न करायचंय. मुलगा तिच्याच इस्पितळात दातांचा डॉक्टर आहे. माझा घास हातात. बरं म्हणणारच होतो, तेवढ्यात म्हणाली, "बाबा, तो पलीकडचा आहे."

पलीकडचा. सगळं जग पडलंय, आणि हिला पलीकडचा सापडला!

ताटावरून उठलो. ही, म्हणजे बायको, मागून काहीतरी म्हणाली, उजवीकडून, म्हणजे मला ऐकू येऊ नये असं काहीतरी.

लंब्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या तोफेवर गोळा भरायचा. नळीच्या उजवीकडे त्याची जागा, डावीकडे माझी. लढाईत त्या डोंगरावर पलीकडून गोळा आला तो त्याच्या बाजूला पडला. मी वाचलो, त्याचं काहीच उरलं नाही. हे ठकीला लहानपणापासून माहीत आहे. तरीही!

१० फेब्रुवारी

ठकीशी बोललो नाही. ती माझ्याशी बोलली की नाही, सांगता येत नाही – उजवीकडे बसली होती.

१४ फेब्रुवारी

ही म्हणते, "अहो, पोरगी सज्ञान आहे. तिने विचारलं नाही, सांगितलंय." वीस मार्चला नोंदणी ठरवून टाकलीय दोघांनी. तुम्ही आलात तर आनंद, नाही आलात तरी होणार, असा निरोप. निरोप! एकाच घरात राहून बायकोकरवी निरोप!

मला राग लग्नाचा आहे की निरोपाचा, तेच कळत नाही. दोन्हीचा आहे.

१८ फेब्रुवारी

दालनात गेलो तर रंगाऱ्याने चारही तोफा एकाच हिरव्या रंगात बुडवायला घेतलेल्या. संचालकांचा हुकूम. स्वीडनच्या तोफेचं ते छोटं इंजिन – ती स्वतःच्या पायांनी थोडी चालू शकते, हीच तर तिची गंमत – तेही हिरवं! चौथीच्या दुर्बिणीच्या काचेवर रंगाचे थेंब. ओरडलो. रंगारी शांतपणे म्हणाला, "काका, आता हिच्यातून बघायचंय कुणाला?"

घासलेटात फडकं बुडवून स्वतः काच पुसली.

२२ फेब्रुवारी

मुलगा घरी येऊन गेला. नम्र आहे. नम्रपणाचाच राग आला. बोली जरा वेगळी, पण कळते सगळी. वडील काय करतात विचारलं. ठकीने मध्येच उत्तर दिलं – "पाणीपुरवठ्यात पंपांवर होते, आता निवृत्त." मुलगा तिच्याकडे बघत राहिला, मग खाली बघायला लागला. काहीतरी लपवतायत. ताकास तूर लागू देत नाहीत.

वडील एक तारखेला येणार. आई नाही त्याला.

हिला म्हटलं, येऊ दे. जेवायला घालू. पुढचं माझ्याकडून काही नाही.

१ मार्च

असला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

पाहुणा म्हणून माझ्या डावीकडची खुर्ची दिली. मनातलं बाजूला ठेवून विचारलं, प्रवास कसा झाला? हा ताटात बघतोय. पुन्हा विचारलं. तर म्हणे, "मुलगा शिकला, समाधान आहे." प्रवासाचं विचारतोय मी! मग पाण्याचं विचारलं, उन्हाचं विचारलं, शेवटी मोठ्यानेच विचारलं, मुलीला तिकडे नेणार की इथेच राहणार? हा भिंतीकडे बघत चावतोय. सरळ कानाडोळा. माझ्या घरात, माझ्या टेबलावर!

आणि मग कहर. जेवता जेवता ताट घेऊन उठला, वळसा घालून माझ्या उजवीकडे येऊन बसला. बहिऱ्या बाजूला! तिथून बराच वेळ ओठ हलवत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. म्हटलं, मुद्दाम. कुणीतरी सांगितलं असणार याला माझ्या कानाचं, आणि थट्टा चाललीय. मीही भिंतीकडे बघत जेवलो.

ठकी "बाबा, त्यांना –" म्हणून काही सांगायला लागली. हात दाखवून गप्प केलं. पाहुणे गेल्यावर पुन्हा दाराशी आली. दार लावून घेतलं.

२ मार्च

हिला स्पष्ट सांगितलं, मी वीस तारखेला येणार नाही. माझा अपमान करणाऱ्याच्या घरात माझी मुलगी जाणार, आणि मी टाळ्या वाजवू?

ठकी पिशवी भरून मैत्रिणीकडे गेली. जाताना माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, ऐकू जावं म्हणून. "बाबा, तुम्ही विचारा तरी कधीतरी," एवढंच म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. अक्षर दिसत नव्हतं.

४ मार्च

घर शांत आहे. आता दोन्ही कान सारखेच.

५ मार्च

ही तीन दिवसांनी बोलली. "ते परत जायच्या आधी तुमचं दालन बघायचं म्हणतायत. त्यांनी स्वतःहून विचारलंय." पंपवाल्याला तोफा कशाला बघायच्यात? नको म्हटलं. मग तिने तो सूर लावला, ज्याच्यापुढे लग्नापासून माझं काही चाललेलं नाही. शनिवारी या म्हणून कळवलं.

७ मार्च

झालं तसं लिहून ठेवतो.

एकटाच आला. मुलाला इस्पितळातून सुट्टी मिळाली नाही. मी दारातच उभा. नमस्कार झाला, पुढे काही नाही. ब्रिटिश तोफेपुढून गेला, अमेरिकन तोफेपुढून गेला, फलक वाचले नाहीत. स्वीडनच्या तोफेच्या इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथीपाशी थांबला.

कुणी काही सांगायच्या आत डावीकडे गेला. दोरीखालून वाकून आत शिरला. दुर्बिणीपाशी गुडघा टेकला. दोन्ही हात न बघता नळी फिरवायच्या चाकांवर गेले, अंधारात आपल्या घरातलं बटण सापडावं तसे. आणि मग त्याने तोंड किंचित उघडलं.

तोंड उघडणं कुणी संग्रहालयात शिकत नाही. गोळा सुटण्याआधी कान फुटू नयेत म्हणून उघडायचं असतं. मीही असंच उघडायचो. तरीही कान जायचा तो गेलाच.

मी नळीच्या उजवीकडे होतो. लंब्याच्या जागी. तिथून हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली, जोरात. रंगारी शिडीवरून वळला, हा नाही. दुर्बिणीत बघत बसलेला.

मग कळलं. उजवा कान. याचाही उजवाच!

त्या दिवशी मी त्याला डावीकडे बसवलं, म्हणजे मी त्याच्या उजवीकडे आलो. त्याला काही ऐकू येईना म्हणून तो बिचारा उठून पलीकडे आला, तो माझ्या बहिऱ्या बाजूला. दोघेही भिंतीकडे बघत जेवलो, आणि दोघांनाही वाटलं, समोरचा माजलाय.

हसू यायला हवं होतं. नाही आलं. वळसा घालून त्याच्या डावीकडे गेलो. विचारलं, "तुम्ही या तोफेवर होतात?"

दचकला. म्हणाला, "मुलं म्हणाली होती, तुम्हाला सांगू नका. पंपांवर मी नंतर गेलो."

"कुठे होतात?"

त्याने डोंगराचं नाव घेतलं. आमचं नाव वेगळं आहे, पण डोंगर तोच. तोच हिवाळा.

मी म्हटलं, "माझा एक माणूस गेला तिथे." तो उठला, गुडघे झाडले. म्हणाला, "आमचाही एक गेला. फार घोरायचा. त्याच्या शेजारी झोपायला कुणी तयार नसे."

पुढे काही विचारलं नाही मी. त्यानेही नाही. तसाच निघून आलो. त्याला तिथेच सोडून! चहासुद्धा विचारला नाही.

पंपवाला असता तर परवडलं असतं. हा तर तिकडचा नेम धरणारा. कदाचित लंब्यावरचा तो गोळा याचाच. कदाचित नाही. हे कसं शोधायचं? आणि शोधून ठकीच्या लग्नाचं काय करायचं?

८ मार्च

दिवसभर हिच्यावर खेकसत होतो. चहा गार, टॉवेल ओला, सगळ्यावरून. शेवटी कालचं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही काय तिकडे फुलं टाकत होतात?"

मीही गोळेच टाकले. ढिगाने टाकले. कुणावर पडले, मला कधीच कळलं नाही. नेम धरणाऱ्याला माणूस दिसत नाही, आकडे दिसतात. सहा हजारांपैकी अमुक. तो घोरणारा माझ्या आकड्यांत असेल किंवा नसेल. इतक्या वर्षांत फक्त लंब्या मोजला मी.

फार वाईट वाटतंय. स्वतःचा रागही येतोय, आणि तो कुणावर काढता येत नाही.

९ मार्च

संचालकांचा फोन – चौथ्या तोफेचा झेंडा ठरला का? म्हटलं, नाही. म्हणाले, "किती दिवस हे भिजत घोंगडं?" म्हटलं, तुम्हीच लावा हवा तो, फलक मात्र मी लिहिणार. दोन्ही सैन्यांची नावं त्यावर येतील, नाहीतर दुसरा सल्लागार बघा. फोन ठेवला त्यांनी.

मग आणखी एक फोन केला. तिकडून त्याने उचलला. डाव्या कानाला लावला असणार. मीही डाव्याच कानाने ऐकत होतो. म्हटलं, परत जायच्या आधी एकदा घरी या.

११ मार्च

दुपारी टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं. शेजारी शेजारी आम्हा दोघांचं जमणार नाही. कसेही बसलो तरी एकाचा मेलेला कान मध्ये येणार. खुर्च्या समोरासमोर मांडल्या.

व्याही आले. लंब्याबद्दल आधी मी सांगितलं, मग त्यांनी त्या घोरणाऱ्याबद्दल. सगळं ऐकू आलं.

संध्याकाळी ठकी पिशवी घेऊन आली. दारातून आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढली आणि माझ्या डावीकडे बसली.