घरं स्वस्त झाल्याची बातमी

आये, आज तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. मालवणात फ्लॅटचे दर उतरले, आणि ते आमच्याच पेपरात, पहिल्या पानावर, माझ्या नावासकट छापून आलंय. सकाळपासून तीनदा वाचलं. या वयात एवढा आनंद शोभत नाही म्हणशील, म्हण. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे घर म्हणजे चिऱ्याचं, पुढे अंगणाचं सारवलेलं खळं असलेलं. आता तारकर्लीच्या रस्त्याला इमारतींवर इमारती झाल्यात. घेणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. मे महिन्यात आणि चतुर्थीला दिवे लागतात, बाकी वर्षभर कुलपं. इथे जन्मलेली, इथे नोकरी करणारी माणसं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि त्या गॅलऱ्यांकडे बघत कामाला जातात. गेली दोनेक वर्षं मात्र बाहेरचं गिऱ्हाईक आटलंय. दर खाली यायला लागले, हे मासळीबाजारातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. फक्त आमच्या पेपराला ठाऊक नव्हतं.

पेपरात दर एक तर वाढायचे, नाही तर स्थिर असायचे. त्याचं कारणही सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. आमच्याकडे जो बातमी लिहितो तोच जाहिरात आणतो. सकाळी ज्याच्याविषयी लिहायचं, दुपारी त्याच्याच ऑफिसात बसून चहा प्यायचा आणि पुरवणीसाठी अर्धं पान मागायचं. चतुर्थीच्या पुरवणीचं शेवटचं अख्खं पान बिल्डरचं असतं. मग ‘दर पडले’ असं लिहायला हात धजत नाही गो. कोणी धमकी देत नाही, कोणी पाकीट देत नाही. हात आपोआपच दुसरं लिहितो.

तुला बांगड्याची बातमी आठवते का? मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. बांगडा भरमसाट लागला आणि मी लिहिलं, ‘बांगड्याचे दर कोसळले, मच्छीमार हवालदिल’. केवढी मिरवत मी पेपर घेऊन तुझ्या खानावळीत आले होते. तू चुलीपुढे बसलेली, पातेल्यात बांगड्याचं तिखलं रटरटतंय, तिरफळांचा वास पार स्टँडपर्यंत गेलाय. तू पदराला हात पुसतेस, बातमी वाचतेस, आणि विचारतेस, “ह्या लिवच्या आधी माका इचारलंस?” मी म्हणते, तुला कशाला विचारायचं? तू म्हणतेस, “आज माझ्याकडे ताटात दोन दोन बांगडे पडले. मास्तर जेवले, बँकेतले जेवले, हमाल पोटभर जेवले. तेंची गजाल खंय आसा ह्येच्यात?” मला राग आला होता. मी म्हटलं, मच्छीमार रडतायत ते खोटं आहे का? “खोटा नाय. रडणाऱ्याचा लिवलंस ता बराच केलंस. पण चेडवा, जेवणाऱ्याचा कोण लिवतलो?” आणि मग मला गिऱ्हाइकांच्या बाकावर, हमालांच्या शेजारी बसवून तू वाढलंस. दोन बांगडे. मी मान खाली घालून जेवले.

एवढं ऐकूनही तुझ्या लेकीने या चतुर्थीला काय केलं? पुरवणीत लेख लिहिला, ‘घर घेण्याची हीच वेळ, दिवाळीनंतर दर वाढणार’. बिल्डरने दिलेल्या पत्रकावरचे दर उचलले, चार गोड वाक्यं जोडली, खाली नाव नाही. अर्ध्या तासाचं काम. छापून आला त्या दिवशी मी उघडूनसुद्धा बघितला नाही.

परवा संध्याकाळी आपल्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहते ती नर्स आली. मूळची फोंडाघाटची, इथे सरकारी दवाखान्यात आहे. नवरा गोव्यात कामाला, घरात सासू आणि मुलगी. नको म्हणणाऱ्यांच्या ड्युट्या स्वतःवर घेऊन घेऊन तिने घरासाठी पैसे साठवलेत, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. पर्समधून कात्रण काढलं, चार घड्या घातलेलं, आणि म्हणाली, “ताई, शनिवारी अकरा वाजता फ्लॅटचो इसार देतंय. दिवाळीनंतर वाढतले म्हणतत ना.” कात्रण माझ्या लेखाचं. मी म्हटलं, जरा थांब, दर उतरलेत असं ऐकलंय. ती हसली. “ताई, पेपरात खोटा कशाक लिवतीत?” पेपरात लिहिलेलं पुसायचं तर पेपरातच पुसायला हवं होतं, आणि हातात एकच दिवस होता.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मी दस्त नोंदणीच्या कचेरीबाहेर उभी. व्हरांड्यात जे दस्तलेखक बसतात ना, त्यांच्याइतकं खरं कोणालाच माहीत नसतं, कारण पत्रकावरचा दर वेगळा आणि दस्तात उतरतो तो वेगळा. त्यातला एक म्हातारा म्हणाला, “बाय, तू पयलीच इलंस इचारूक. पेपरातलो दर आम्ही हसूक वाचतो.” मला लाज वाटली आणि अंगात वारंही शिरलं. दुपारपर्यंत मी झालेले व्यवहार बघितले, घर घेतलेल्यांशी बोलले. पुढे भाव येईल म्हणून दोन फ्लॅट घेऊन अडकलेल्या एका निवृत्त मास्तरांनाही भेटले. त्यांचं नुकसान खरं आहे, तेही लिहिलं. कित्येक वर्षांत बातमीसाठी अशी धावले नव्हते गो. चप्पल तुटली तर सेफ्टी पिन लावून पुढे गेले.

संध्याकाळी पान बघते तर संपादकांनी मथळा बदललेला. ‘मालवणात घरांचे दर कोसळले, बांधकाम व्यवसाय संकटात’. शेजारी खाली तोंड केलेला लाल बाण. मी त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, साहेब, आपले वाचक घरं विकणारे जास्त की घरं शोधणारे? ते म्हणाले, “जाहिरात कोण देतो?” म्हटलं, तांदूळ महागला की आपण वाईट बातमी म्हणतो आणि घर स्वस्त झालं की तीही वाईटच बातमी, हे कसं? ताप उतरला तर आपण ‘ताप संकटात’ असं छापतो का? शेजारचा ऑपरेटर खुदकन हसला. साहेब नाही हसले. “शेवटचं पान गेलं तर भरून देशील?” देईन म्हटलं, बाजारपेठेतलं एकेक दुकान फिरेन. त्यांनी हनुवटी खाजवली आणि बाण काढला. मथळा झाला, ‘मालवणात घरांचे दर उतरले, भाडेकरूंना दिलासा’. आत मास्तरांचं दुःखही राहिलं. मी घरी नाचत आले, खोटं नाही सांगत.

आणि आज दुपारी ती नर्स आली, पेपर नाचवत. विसाराचे आगाऊ पैसे दिलेच नाहीत तिने. अकराला बिल्डरच्या ऑफिसात गेली, पेपर टेबलावर ठेवला आणि गप्प बसली. शेवटी बिल्डरनेच दर खाली आणला. सोमवारी कागद होतोय, तोच फ्लॅट, समुद्राच्या बाजूचा. माझा हात धरून रडली, हसली, पुन्हा रडली. मीही रडले. मग तिने पर्समधून ते जुनं कात्रण काढलं, टराटरा फाडलं आणि म्हणाली, “ताई, तुमी नसतात तर मी बुडलं असतंय. ज्या मेल्यान ह्या लिवल्यान ना, तेच्या तोंडार शिरा पडो.”

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. तो लेख माझा, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं होतं, आये. तोंडातून निघालं, “पडो.”