शिवणीतली माया

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर बोलायला लागले की शेजारच्या खोलीत आईची भांडी वाजायची थांबतात. बातमी एकच, आपली आई लग्न करते आहे. हसू नकोस. मागच्या वर्षी ज्यांच्याकडे ती डोळ्यांचा नंबर काढायला गेली होती, ते म्हातारे चष्मेवाले आता दर रविवारी चहाला येतात, आणि शनिवारी आई आरसा पुसते.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तिला सोबत हवी, हे मलाही कळतं. पण हा माणूस मला पटत नाही, फार गोड बोलतो. अंगात नेहमी तोच करडा सूट आणि तोंडात तीच कहाणी, की पन्नास वर्षांपूर्वी दुकान उघडलं तेव्हा शिंप्याकडे माप देऊन शिवून घेतला. पन्नास वर्षांत यांचं पोट वाढलंच नाही की काय? जो कोटाबद्दल थापा मारतो, तो आईला काय काय सांगत असेल!

पुढच्या महिन्यात नोंदणी करायचं चाललंय. तू नाटक कंपनीच्या कपडेपटात जन्म काढलास. जुना सूट कधीचा, हे कसं ओळखतात ते कळव. भावजींना नमस्कार. लोभ आत्ता जरा जास्तच हवा आहे.

तुझी,
चिमणी

११ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग काळजीत पडले. संशय हा आपल्या घराण्याचा दागिना, पण तुझ्या वाट्याला जरा जास्तच तोळे आले आहेत. विचारलंस म्हणून सांगते. त्या काळच्या कोटांची लेपल, म्हणजे छातीवर उलटलेली कॉलरची पट्टी, चांगली पंज्याएवढी रुंद असायची. पॅन्टची चेन बहुधा धातूची, नायलॉनची नव्हे. आतल्या खिशावर शिंप्याच्या दुकानाचं लेबल असतं, ते वाच. अस्तरात धुण्याची चित्रं छापलेली पट्टी दिसली तर कोट रेडीमेड समज, शिंपी असली पट्टी लावत नाही.

सगळ्यात खरी खूण शिवणीच्या आत असते. रेडीमेडवाले माया सोडायची म्हटलं की कंजुषी करतात. शिंपी मात्र गिऱ्हाईक कधीतरी जाड होणार हे धरून दोन बोटं जास्तीचं कापड आत ठेवतो. आपले बाबा म्हणायचे, माया ठेवली की कोट माणसाबरोबर वाढतो. तुझ्या पोटाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं.

एका खुणेवर जाऊ नकोस. सगळ्या जुळल्या तरच बोल, आणि तोवर तोंडाला कुलूप. तब्येत सांभाळ, आमच्यावरचा लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी,
ताई

२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आयतीच संधी चालून आली. बाहीचं बटण सैल झालं म्हणून आईने तो सूट दुरुस्तीला ठेवून घेतला. ती बाजारात गेल्यावर मी कपाट उघडलं. लेपल रुंद आहे खरी, पण चेन नायलॉनची, आणि अस्तरात ती धुण्याची पट्टी चित्रांसकट! आतल्या खिशावर लेबलच नाही. सुईची भोकं तेवढी आहेत, आणि दोऱ्याचे ताजे तुकडे. म्हणजे कोणीतरी नुकतंच उसवलंय. दाल में काला नाही, अख्खी डाळच काळी निघाली.

शिवण उसवायला मी थांबले नाही. संध्याकाळीच आईला सगळं सांगितलं. ती हातातलं काम टाकून आत गेली. रविवारी ते आले तेव्हा मी जिन्यातच गाठून पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, तुमच्या कोटालाच विचारा. ते कठड्याला धरून सावकाश खाली उतरले.

नोंदणी बारगळली. आई माझ्याशी आता फक्त दूधवाल्यामार्फत बोलते. सूट अजून आमच्याकडेच आहे, त्याचे फोटो सोबत पाठवते आहे. मी बरोबर केलं ना, ते लगेच कळव. रात्री झोप लागत नाही.

तुझी,
चिमणी

२८ जानेवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

अगं, काय करून बसलीस! तोंडाला कुलूप लाव म्हटलं होतं, तू दारच तोडलंस. भिंग घेऊन फोटोतली काजं बघ. प्रत्येक टाक्याची गाठ उलट्या बाजूला झुकली आहे. डावखुऱ्या बाईचा हात आहे तो. बाबांच्या दुकानातले कोट काजं करायला घरी यायचे आणि आई खिडकीत बसून डाव्या हाताने ती करायची, आठवतं ना? पाच वर्षांची असल्यापासून मी ती काजं बघते आहे. तो सूट आपल्या बाबांनी शिवलाय.

अस्तर आणि चेन नंतर बदलली आहे, तीही बाबांनीच. टाकून दिलेल्या रेडीमेड कोटांची अस्तरं काढून कोण वापरायचं? पट्टी उसवायचा कंटाळा कोणाला यायचा? मी कपडेपटात एवढी वर्षं घालवली, आणि आपल्याच बापाची खोड विसरून तुला पट्टी बघायला सांगितली. माणूस शब्दन् शब्द खरं बोलत होता.

पण मग लेबल कोणी काढलं? बाबांचं लेबल काढायचं त्यांना काही कारण नाही. चिमणे, आता तो किडा मलाही चावलाय. आईला हे पत्र वाचून दाखव आणि तिच्या तोंडाकडे बघ.

काळजीत,
ताई

४ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चिमणीने रडत रडत वाचून दाखवलं, म्हणून उत्तर मीच लिहिते. लेबल मी काढलं, बटणासाठी कोट ठेवून घेतला त्याच दिवशी. पहिल्यांदा कोट टांगायला हातात घेतला तेव्हाच बोटाला काज लागलं आणि मी ओळखलं. दुकान आपलं होतं आणि काजं माझ्या हातची, हे त्यांना अजून माहीत नाही. माझे डोळे काजं करून नव्हे, वाचून वाचून गेले, असं सांगितलंय मी त्यांना. तेव्हा कोट घरी यायचे आणि जायचे, गिऱ्हाइकाचं तोंड मी कधी पाहिलं नाही.

तुम्हा दोघींना ओळखते म्हणून काढलं. त्यांच्या कोटात बाबांचं लेबल दिसलं असतं, तर हे केव्हापासून चाललंय असं विचारायला तुम्ही कमी केलं नसतं. संशय नको म्हणून उसवलं, तर तोच गळ्यात आला.

आणखी एक. माझ्या हातचं काम कोणीतरी पन्नास वर्षं अंगावर वागवलं, याचा मला फार आनंद झाला. तो थोडे दिवस माझ्यापुरता ठेवायचा होता. दुकानाच्या लेबलावर माझं नाव कधीच नव्हतं.

काल बाजूची शिवण उसवून पाहिली. तुझ्या बाबांनी एकदा कोट सैल केलाय, तरी अजून बोटभर माया शिल्लक आहे. शिवण घातली, लेबलही जागेवर लावलं. उद्या चिमणीच सूट घेऊन जाईल. बिघडवलं तिने, तीच नीट करेल. ते आले नाहीत तर मला फार वाईट वाटेल, हे आजच सांगून ठेवते.

तुझी,
आई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल गेले. दार त्यांनी नुसत्या स्वेटरवर उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कोट उलटून आतला खिसा पाहिला आणि लेबल दिसताच खुर्चीत बसले. म्हणाले, सूट दुरुस्तीला देताना लेबल खात्रीने जागेवर होतं. जिन्यात मी कोटाला विचारा म्हटल्यापासून त्यांचा माझ्यावर संशय होता, की त्यांना खोटं पाडायला मीच ते काढलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हसू आलं. म्हटलं, तुम्ही आमच्या घरात शोभाल.

मग हात जोडून माफी मागितली. ते काजावरून अंगठा फिरवत होते. म्हणाले, त्या शिंप्याला दोनदा विचारलं होतं, ही काजं कोण करतं, पन्नास वर्षांत एक दोरा सुटला नाही. तो नुसता हसायचा. मी सांगितलं, रविवारी चहाला या आणि ते आईलाच विचारा. तर रविवारपर्यंत कशाला म्हणत त्यांनी कोट अंगात घातलासुद्धा.

आईने दार उघडलं तेव्हा गुरुवार होता आणि आरसा पुसलेला नव्हता.

नोंदणीला भावजींना घेऊन ये. माझ्यासाठीही आत बोटभर माया ठेव.

तुझी,
चिमणी