बेटाची रेघ

१४ जुलै

तिसऱ्या मजल्यावर आता मी एकटीच. शेवटचं बिऱ्हाड काल ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या खोलीत गेलं. चाळीच्या तीन बाजूंना पाडकामाचे खड्डे, त्यांत कमरेइतकं पाणी. चौथ्या बाजूला जिना – आणि माझा ऑपरेशन केलेला गुडघा. तीन बाजूंना पाणी म्हणजे द्वीपकल्प, बेट नव्हे. चौतीस वर्षं म्युनिसिपाल्टीच्या शाळेत भूगोल शिकवलाय, चुकीचं लिहिणार नाही.

लेकाचा, सम्यकचा फोन. एकतीसला बिल्डरला चावी द्यायचीच आहे, चार जण आणतो, खुर्चीसकट उतरवतो म्हणाला. म्हटलं, तशी मेल्यावर उतरव.

१७ जुलै

पाऊस. कोणी आलं नाही.

१९ जुलै

माणूस दिसलं! मागच्या गल्लीत मशीन लावून जमीन तपासतायत, तिथली इंजिनीअर. तिचं नाव पूर्वी. खाली बायकांसाठी संडास नाही, म्हणून बिचारी तीन मजले चढून आमच्या मजल्यावर आली. चहा दिला. मग माझं सुरू – परळचं बेट, मधल्या खाड्या, नंतरचा भराव. आपण बेटावर, मागची गल्लीही बेटावर, हिंदमाताचा चौक सखल, दर पावसात तुंबणारा. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मीच काढलेला. पुस्तकात बोटाएवढा होता, चौकोन पाडून भिंतीभर मोठा केला. पोरगी नुसती हसली.

२२ जुलै

सूनबाईचा फोन. मानसी कधी आवाज चढवत नाही, आजही नाही. "आई, तुम्ही नक्की कशासाठी अडून बसलाय?"

गुडघ्याचं कारण सांगितलं. तिला पटलं नाही. मलाही नाही.

२६ जुलै

त्या पुराला वीस वर्षं झाली.

त्या दिवशी पाचच्या सुमारास रामदासांनी, सम्यकच्या बाबांनी, परळच्या एका दुकानातून फोन केला. प्रभादेवीच्या छापखान्यातून चालत निघालेले. कुठून येऊ, विचारत होते. मी ठणकावून सांगितलं – हिंदमाता नको, मागच्या गल्लीनं या, ते बेट आहे, तिथं पाणी थांबत नाही. खरंच, नेहमीच्या पावसात तिथं कधी तुंबलेलं मी पाहिलं नव्हतं. बरं म्हणाले. आले नाहीत. तिसऱ्या दिवशी लांबच्या नाल्यात सापडले. उघड्या गटारातून वाहत गेले म्हणे. कुठल्या गटारात पडले, ते कळलंच नाही.

मला कळलं होतं. हिंदमातानंच आले असणार. जन्माचे हट्टी! तेव्हापासून सम्यकला एकच ऐकवत आले – बाबांनी माझं ऐकलं नाही. या खिडकीतून ती गल्ली दिसते. रोज तिच्याकडे बघत त्यांच्यावर रागावते. दुसरीकडे जाऊन कुठल्या खिडकीत रागावू?

२८ जुलै

पूर्वी एक शिंपलं घेऊन आली. म्हणाली, टीचर, तुम्हाला आवडेल. खाडीतल्या तिसऱ्यांचं! माझी आजी रत्नागिरीची, मला ओळखायला वेळ लागत नाही. विचारलं, कुठून आणलंस?

"इथूनच. मागची गल्ली. वीस फूट खाली."

मी म्हटलं, शक्यच नाही. ती चहा तसाच टाकून गेली. मी रागाने बोलले असणार.

२९ जुलै

उतरले. चोपन्न पायऱ्या, एकेक बसून, लहान पोरासारखी. तासभर लागला. खाली पूर्वीनं स्टूल दिलं.

लाकडी पेट्यांत माती खोलीप्रमाणे ओळीनं मांडलेली. काँक्रीट, जुनं डांबर, विटांचे तुकडे. मग काळा चिखल – आणि शिंपलीच शिंपली. चाळीखाली आठ फुटांवर दगड लागला, म्हणाली. गल्लीत चाळीस फुटांवरही नाही. इथं खाडीचा एक फाटा आत शिरलेला.

मी विचारलं, मग रोजच्या पावसात पाणी का नाही दिसायचं?

"टीचर, रोज गटार खेचून घेतं ना. पण जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली, की पाणी जुन्या वाटेनंच जाणार. सगळं या गल्लीत. हिंदमाताच्या आधी."

भिंतीवरची माझी किनाऱ्याची रेघ जाड ब्रशनं ओढलेली. आज पेटीजवळ बसून हिशेब केला. त्या एका रेघेच्या जाडीखाली दोन गल्ल्या झाकल्या जातात.

३० जुलै

काही लिहवत नाही. त्यांचा फोटो कपड्यांच्या बोचक्यात ठेवला. परत काढला. हातात घेऊन बसले.

३१ जुलै

चावी दिली. सम्यकला जिन्यातच सांगितलं – बाबांनी माझं ऐकलं होतं.