सत्तावीस नंबरची हजेरी

५ ऑगस्ट
पोचले एकदाची! लोणी काळभोरची कादंबरी आता पुण्यात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. आल्या आल्या टेकडीवर फील्डवर्क! दोरीची चौकट गवतावर टाकायची, एकीने आतली रोपं मोजायची, दुसरीने लिहायची. जोडीदार तनया, धायरीची, नंबर सत्तावीस, मी अठ्ठावीस. जीभ तिखट. माझं भलंमोठं भिंग बघून तिने विचारलं, की रोपांच्या पत्रिका बघणार आहेस का?

९ ऑगस्ट
तासाला उशीर झाला. तनयाने माझी हजेरी लावली, हुबेहूब माझ्या आवाजात. इतकी जिवाभावाची मैत्रीण मला आजवर मिळाली नव्हती.

१२ ऑगस्ट
टेकडीवरून परत निघताना तनयाला तिथल्या जुन्या खाणीच्या कडेला दुर्मिळ कंदीलपुष्प दिसलं. फोटो काढून रिक्षाने येते, माझी हजेरी तू लाव, म्हणाली. बसमध्ये बुद्धभूषण सरांनी नंबर पुकारले. सत्तावीसला मी तिच्या आवाजात ओ दिली. सगळे आले असं समजून सरांनी बस सोडली. मला हसू आवरत नव्हतं.

१४ ऑगस्ट
तनया काल खाणीत सापडली, गेलेली. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणतात, बारा तारखेच्या संध्याकाळपर्यंत जिवंत असावी. म्हणजे हाका मारत असणार. आम्ही तेव्हा कॅन्टीनमध्ये वडापाव खात होतो.

२० ऑगस्ट
सरांना निलंबित केलं. ते एकच सांगतात, की तिने ओ दिली, मी स्वतः ऐकली. कुणाचा विश्वास नाही. मी गप्प. शी, किती भित्री आहे मी.

२६ ऑगस्ट
नव्या ललिता मॅडम, रजिस्टर जुनंच. चुकून सत्तावीस पुकारलं. शेजारच्या रिकाम्या जागेवरून ओ आली. तिचीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड बंद होतं.

२ सप्टेंबर
मॅडम आता सत्तावीस पुकारत नाहीत. तरी रोज ओ येते. वर्गातल्या अपूर्वाने विचारलं, तिचा आवाज काढायला लाज नाही का वाटत. मी नाही गं — पण त्या दिवशी मीच — उद्या फील्डवर्क झालं की सरांच्या घरी जाऊन सगळं सांगणार.

३ सप्टेंबर
आधी तनयाची माफी मागावी म्हणून एकटीच खाणीत उतरले. घसरले. पाय उचलवत नाही. फोन बसमध्ये, जवळ फक्त ही वही. ओरडून घसा बसला —

वर हजेरी चालू आहे. सव्वीस. आज सत्तावीसची ओ नाही. तनया, माझ्या नंबरला पण गप्प राहा गं, म्हणजे मॅडम शोधायला —

अठ्ठावीस.

ओ आली. माझ्या आवाजात —

बस निघा