डोक्यातला वाटाणा

प्रिय ताई,

आधी एक सांगून टाकतो. मी धडधाकट आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. आता खाली बस. माझ्या डोक्यातली एक रक्तवाहिनी फुगली होती. फुटली नाही. डॉक्टरांनी आतून जाळी बसवली आणि मी घरी आलो. लगेच बोंब ठोकू नकोस, भावजी दचकतील. हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर दुखण्याचं नाव काढलं की तू माझं बोलणं मधेच तोडतेस, पाणी पी आणि झोप म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. म्हणून शिलाई मशीन बंद कर आणि शेवटपर्यंत वाच. शेवटी तुला एक काम सांगणार आहे. ते तुझ्याच जिवाचं आहे आणि तू ते टाळशील याची मला जेवढी धास्ती आहे, तेवढी ऑपरेशनचीही नव्हती.

आमचं काम तुला ठाऊकच आहे, उंच इमारतींना काचा बसवायच्या. काचेच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार लंब्या. दोघांचेही दोन्ही हात अडकलेले आणि भोवती ड्रिलची अशी घरघर की आपण ओरडलो तरी आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून आम्ही डोळ्यांनी बोलतो. भुवया वर म्हणजे काच वर. डावा डोळा मिटला म्हणजे खाली. दोन्ही मिटले म्हणजे थांब बाबा, बोट अडकलंय. इतकी सवय झालीय की लंब्या स्वतःच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा नुसत्या भुवया उडवत बसला होता. पोरीकडच्यांना वाटलं, मुलगा मुका आहे.

तर काही दिवस माझ्या डाव्या डोळ्यामागे ठणकत होतं. मला वाटलं, धूळ गेली असेल. मग एका सकाळी उठलो तर डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आलेली. चोळली, पाणी मारलं, बोटाने वर केली. सोडली की परत खाली. बरं, वर धरून ठेवावी तर एकाचे दोन दिसायचे, मग म्हटलं, राहू दे खालीच. कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं, लाजल्या आणि ताटात भाजीचा आणखी एक डाव टाकला. मागे रंगारी उभा होता. तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं मावशींशी जमत आलं होतं म्हणे.

कामावर गेलो, काच उचलली आणि लंब्याने माझ्याकडे बघून आपलं टोक खाली सोडायला सुरुवात केली. मी भुवया उडवतोय, वर घे, वर घे! पण भुवया वर गेल्या तरी डावा डोळा मिटलेलाच. लंब्याला वाटतं, हा बरा लाडात आलाय आज, आणि तो काच आणखी खाली सोडतो. ती काच थेट मुकादमाच्या बुटावर जाऊन उभी राहिली. बुटाच्या टोकात लोखंड होतं म्हणून बोटं वाचली, पण पाय काही निघेना. तो जिवाच्या आकांताने ओरडतोय, ड्रिलमुळे कुणाला काही ऐकू येत नाही. शेवटी त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. आणि ताई, त्याला दिसलं काय, तर मी त्याला डोळा मारतोय.

पाय सुटल्यावर त्याने माझी कॉलर धरली ती डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत सोडली नाही. याचा डोळा ठणठणीत आहे एवढं सांगा, याला आजच घरी पाठवतो, असं तो डॉक्टरांना सांगत होता. डॉक्टरांनी बॅटरी मारली. उजवी बाहुली बारीक झाली, डावी होती तशीच, शर्टाच्या बटणाएवढी मोठी. त्यांनी बॅटरी खाली ठेवली, कुठेतरी फोन केला आणि मला म्हणाले, धावायचं नाही, वाकायचं नाही, गाडी येतेय. मुकादमाचा राग कुठल्या कुठे गेला. मोठ्या हॉस्पिटलमध्ये विचारलं, याचे तुम्ही कोण? तेव्हा हा बाबा म्हणाला, मामा. आणि खरंच मामासारखा माझे बूट छातीशी धरून बाकावर बसून राहिला.

तिथल्या डॉक्टरबाई ठेंगण्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी मला फोटोच दाखवला. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी कसा फुगा येतो, तसाच वाटाण्याएवढा फुगा रक्तवाहिनीला आला होता. तो पापणीच्या नसेवर दाबत होता, म्हणून शटर खाली. फुटला असता तर हे पत्र तुला लंब्याने लिहिलं असतं, आणि त्याचं अक्षर तर माझ्याहून वाईट. त्या म्हणाल्या, डोकं उघडायचं नाही, आतल्या आत बारीक जाळीची नळी बसवू. मग रक्त नळीतून सरळ पुढे जाईल आणि फुगा हळूहळू सुकेल. मी मान हलवली. पण मला ऐकू काय आलं, तर डोक्याचं ऑपरेशन, बस.

तुला माहितीय, मला गप्प बसवत नाही. म्हटलं, आपणही जरा हातभार लावू. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं दाढीचं मशीन मागून घेतलं आणि बाथरूममध्ये जाऊन एका डोळ्याने सगळं डोकं भादरून आलो. उंदरांनी कुरतडलेल्या चटईसारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सिस्टर वस्तरा घेऊन आल्या. मी ऐटीत डोकं पुढे केलं, म्हटलं, तुमचं काम वाचवलं. त्यांनी डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, दादा, पायजमा सोडा. जांघेतून जायचंय! आजोबा इतके हसले की त्यांचे टाके तपासायला डॉक्टर धावत आले.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, मला झोपवलं होतं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून केसासारखी तार आणि नळी थेट डोक्यापर्यंत नेतात म्हणे. खरा छळ नंतर. पाय सरळ ठेवायचा, जरासुद्धा हलवायचा नाही, नाहीतर तिथून रक्त येईल. मला! वर्गात बाकावर टिकलो नाही म्हणून शाळा सुटली त्या मला! मी नुसता अंगठा हलवला तरी सिस्टर लांबून दटावायच्या. मग मुकादम उशाशी बसला आणि त्याने मला त्याच्या सासुरवाडीच्या भांडणाची अथपासून इतिपर्यंत हकीकत सांगितली. कोण कुणाचं काय लागतं हे लावता लावताच मला झोप लागली.

आता पापणी बरीच वर आलीय. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत, त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. खर्च कंपनीच्या विम्यात बसला. मुकादम मला वर चढू देत नाही, खालीच काचा पुसायला बसवतो.

आता काम. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात असं कुणाला झालं होतं का? मी नाही म्हणालो. मग त्यांनी विचारलं, आई कशाने गेली? मी तू सांगितलेलं सांगितलं. चादरीच्या घड्या घालत होती, डोकं धरून म्हणाली की आत काहीतरी फुटल्यासारखं झालं, आणि खाली बसली ती उठलीच नाही. लोक म्हणाले, उन्हाने. डॉक्टरबाईंनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आईचंही हेच असू शकतं. रक्ताच्या नात्यात दोघांना असेल तर बाकीच्यांचंही डोकं तपासून घ्यावं. भावंडं किती? मी म्हटलं, एक बहीण, तिनेच मला वाढवलं. ताई, तुझं काही दुखत नसेल. दुखायलाच हवं असं नाही, असं त्या म्हणाल्या. कदाचित काहीच निघणार नाही. नुसता फोटो काढायचा असतो, कापाकापी नाही. आणि निघालाच फुगा, तर काय करतात ते तुला आता सगळं माहीत आहे. शिवायचे कपडे राहू देत, गिऱ्हाइकं ओरडू देत. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की मला काही कळलंच नाही. तुझ्या मांडीवर बसून मी खाऊ खात होतो, असं तूच सांगतेस. आता मी मोठा झालोय, ताई. या वेळी मला कळेल. उद्याच जा.

तुझाच, तू वाढवलेला,
भिंगरी