नोएलीनची शटरं

३ डिसेंबर
खिडक्या मोजून गेला! ब्रेंट नावाचा शटरवाला. मी मागे पंप दुरुस्त करत होतो, मला विचारलंसुद्धा नाही. नोएलीन त्याच्यामागून वहीत मापं उतरवत हिंडत होती. चाळीस वर्षं संसार केलाय. बायको काही लपवतेय हे मला कळतं.

४ डिसेंबर
विचारलं. म्हणाली, "उन्हाळा लागलाय. वणव्यात काचा फुटतात, मग निखारे आत. शटरं ओढली की घर आपलं आपण उभं राहील."
"मग मी कशाला आहे?"
नुसती हसली. मागच्या वणव्यात हे घर मी एकट्यानं वाचवलं — ओली पोती आणि दोन बादल्या! ती मुलींना घेऊन किनाऱ्यावर. सहा तास माझा पत्ता नव्हता, हेच अजून ऐकवते. कौतुकाचा शब्द नाही.

११ डिसेंबर
फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली. मी ऐकलं — "बाहेरूनच बंद होणारी हवीत. हँडल एकच. त्याला सांगू नका." त्याला म्हणजे मला! मला बाहेर काढून घर विकायचा डाव दिसतोय.

१९ डिसेंबर
बसली शटरं. ब्रेंट म्हणतो, "काका, आता निवांत झोपा!"
"मेल्यावर झोपेन." त्याला छपराखालची फट दाखवली. "निखारा इथून शिरला तर?"
त्यानं नोएलीनकडे पाहिलं. ती म्हणाली, "चहा टाकू का?"
दोघं मिळालेत. नक्की!

२७ डिसेंबर
कपाटात बॅग सापडली. माझी! शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, वडिलांचं पदक. तिची बॅग कुठेच नाही. म्हणजे घराबाहेर कुणी पडायचं ते ठरलंय. विचारायचा धीर झाला नाही. जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर घाबरलोय.

४ जानेवारी
सकाळपासून गरम वारा, डोंगरामागे धूर. पाणी वाहून जाऊ नये म्हणून पन्हळीच्या नळांत टेनिसचे चेंडू कोंबले, पन्हळी पाण्यानं भरल्या, पोती भिजवली. वळून बघतो तर सगळी शटरं खाली — दाराचंसुद्धा! ती उघडायचं हँडल तिच्या पिशवीत.
"उघड!"
"नाही. घर शटरं राखतील. तू गाडीत बस, क्लॅरी."
"अगं, पण ती फट —"
"बस म्हणते ना!"
आत जाता येईना. बाहेर उभं राहून काय राखणार? बसलो, शिव्या देत. मागच्या सीटवर माझी बॅग आणि तिचीही.
आता मैदानावरच्या छावणीत आहे. तिच्याशी बोलत नाही.

७ जानेवारी
घर गेलं. निखारा छपराखालूनच शिरला. काळ्या विटांच्या भिंती, त्यांवर शटरं तशीच ओढलेली.
"सांगत होतो मी!"
"त्या फटीचं ब्रेंटनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," नोएलीन म्हणाली आणि पिशवीतून काढून ते हँडल माझ्या हातात ठेवलं. "शटरं घरासाठी नव्हतीच रे, म्हाताऱ्या."